आईचा आवाज वर घे

आतिऊ, ११ मार्च २०१८

प्रिय पाएरु ताई,

पाकिटात पेनड्राइव्ह आहे. आधी तो काढून नीट ठेव, मग पत्र वाच. तुझा काही भरवसा नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. हल्ली लाइन इतकी खराब झालीय की तुझं निम्मं बोलणं उंदराने कुरतडल्यासारखं येतं. तू बोलतेस, मी "काय? काय?" करतो, तू चिडतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

शाळेने टाकून दिलेला लॅपटॉप मी उचलून आणला होता, आठवतो? तो सुरू करून मी तारोच्या शेतात चक्कर मारून यायचो, तरी जागा झालेला नसायचा. शिडाच्या होडीतून आलेल्या एका पोराने त्यातलं सगळं पुसून लिनक्स घातलं, आणि वर गाणी मुद्रित करायचं सॉफ्टवेअर. सगळं फुकट. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते सॉफ्टवेअर दर महिन्याला कुणाची परवानगी मागायला इंटरनेटवर जात नाही. इथे बेटावर इंटरनेट म्हणजे काय चीज आहे, तुला माहीत आहेच. पहिले काही आठवडे मी नुसत्या शिव्या घातल्या त्याला. माइकची तार कुठून कुठे जाते, ते पडद्यावर रेघा ओढून जोडायचं असतं. एक रेघ चुकली की सगळं मुकं. आता मात्र हात बसलाय. वीजघरातली पाळी संपली की मी घरी न जाता थेट सण्डे स्कूलच्या हॉलमध्ये जातो. अपी म्हणते, दुसरी बायको केलीस.

ऑक्टोबरमध्ये तुमच्या मेलबर्नच्या आतिऊकरांचा हॉल उघडेल तेव्हा आपल्या गावची चर्चमधली ईमेने-प्रार्थना वाजली पाहिजे, असं तूच म्हणालीस ना? ही घे पहिली. भिंतींवर चटया टांगल्या, खिडकीत आईची तीवाएवाए रजई लावली, म्हणजे आवाज घुमत नाही. तांगी मावशी माइकसमोर उभी राहीना. म्हणाली, "हे यंत्र पोटातलंही ऐकतं का रे?" आई म्हणाली, "ऐकत असतं तर तुझ्या पोटातल्या गुरगुरीने केव्हाच बंद पडलं असतं."

पेरेपेरेचा वरचा सूर अर्थात आईचाच. सत्तरी उलटली तरी बायकांच्या सगळ्या आवाजांवरून तिचा एकटीचा सूर कसा उडतो ते ऐक. मला तो जरा मागे वाटला, म्हणून थोडा वर घेतलाय.

कसं वाटलं ते खरं सांग.

तुझा,
नूरोआ

*

डॅन्डेनॉन्ग, मेलबर्न, २ एप्रिल २०१८

नूरोआ बाळा,

खरं सांग म्हणालास, म्हणून सांगते. पुरुषांचे हुंकार ऐकून मी वृद्धाश्रमातल्या पाळीवर जाताना बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने रुमाल दिला. छाती दणाणून गेली.

पण आईचा आवाज कानात सुईसारखा शिरतो रे. तिचं गाणं चांगलंच आहे, तूच तो इतका वर नेऊन ठेवलायस की बाकी बायका तिच्या पायाखाली चिरडल्यात. मध्येच काहीतरी चरचरतंही. लिनक्सवाल्यांचा एक मंच आहे, तिथे मी तुझ्या वतीने विचारलं. ते म्हणतात, बफर वाढव. म्हणजे यंत्राला घास चावायला जरा जास्त वेळ दे, मग चरचर जाईल. सगळ्या पायऱ्या वेगळ्या कागदावर लिहून पाठवतेय.

आणि एक विचारू? गाणी मिसळायला बसतोस ते तुमुनूतून बीअर पिऊन आल्यावर नाही ना बसत? आईला कळू नये असं काही असेल तर मला तरी सांग हो.

आईला माझे पापे. अपीला सांग, सवत जड आहे, सांभाळून.

पाएरु

*

आतिऊ, ६ मे २०१८

ताई,

तुमुनूत शेवटचा गेलो तेव्हा तू इथे होतीस, आणि माझ्यापेक्षा एक वाटी जास्त तूच प्यालीस. पुरे.

तू लिहिलंस तसं केलं. बफर वाढवला, चरचर गेली. मंचावरच्या लोकांना माझ्या वतीने एक पोतं कॉफी कबूल कर, पाठवणार मात्र नाही.

पण आईच्या आवाजाबद्दल तू म्हणतेस ते मला पटत नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. सुई कसली? धुक्यातून आल्यासारखा आवाज येतो तो. मग वाटलं, तुझ्याकडचे स्पीकर भलतेच तीक्ष्ण असतील. तरी पुन्हा सगळ्यांना बोलावून सगळं नव्याने मुद्रित केलं. आई जरा दमते हल्ली. तिला म्हटलं, मोकळ्या गळ्याने गा. ती गायली, ती कधी नाही म्हणते? शेवटी मीच वाढवायचं तेवढं वाढवलं.

हा नवा पेनड्राइव्ह. यावेळी भांडू नकोस.

नूरोआ

*

डॅन्डेनॉन्ग, १७ जून २०१८

नूरोआ,

भांडत नाही, पण ऐक. हे आधीच्यापेक्षा वाईट आहे. रविवारी प्रार्थनेनंतर मी ते सगळ्यांना ऐकवलं. कडवं चढलं तशा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. पाद्रीबाईंनी उठून हळूच बंद केलं आणि मला म्हणाल्या, "चहा घेऊ या का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

स्पीकर तीन घरचे बदलून पाहिले. दोष इथला नाही. माझ्या मते माइक लॅपटॉपला जोडायची तुझी ती जुनी पेटी बिघडलीय. मंचावर पुन्हा विचारलं होतं. लोक काहीबाही लिहितात, ते सोड. मी नवीनच पेटी घेतलीय, लिनक्सवर चालते अशी खात्री करून. चुलतभाऊ तेइपो पुढच्या महिन्यात घरी येतोय, त्याच्या सामानात ठेवते. त्याने वाटेत रारोटोंगाला विकली नाही, तर तुला मिळेल.

आई फोनवर नुसती हसते. गाणं कसं चाललंय विचारलं तर म्हणाली, "नूरोआ छान करतो गं सगळं." बरी आहे ना ती?

पाएरु

*

आतिऊ, १२ ऑगस्ट २०१८

ताई,

पेटी पोचली. तेइपोने विकली नाही, पण डब्यातला कागद फाडून त्यावर पत्ते खेळताना गुण मांडले. म्हणजे माहितीपुस्तक गेलं! पण गरजच पडली नाही. तार खुपसली आणि लिनक्सने तिला जुनी मैत्रीण असल्यासारखं ओळखलं. मी उगाच अर्धा दिवस राखून ठेवला होता.

पोरांच्या बॅण्डची दोन गाणी यासोबत आहेत. उकुलेले कोरडी वाटते मला, तू ऐकून सांग. ईमेने आत्ता नाही पाठवत. तांगी मावशी पेरेपेरे धरायला शिकतेय. म्हटलं, कुणीतरी तयार असावं.

आई बरी आहे. चर्चमध्ये हल्ली मागच्या रांगेत बसते. तिथे पंखा आहे म्हणते.

ऑक्टोबरपर्यंत काहीतरी नक्की पाठवतो.

नूरोआ

*

डॅन्डेनॉन्ग, १८ नोव्हेंबर २०१८

नूरोआ,

परत आल्यापासून हे पत्र मनात लिहितेय. तिथे असताना बोलले नाही, कारण घर माणसांनी भरलेलं होतं, आणि आईला त्याच रजईत गुंडाळून पडवीसमोरच्या कबरीत ठेवलं तेव्हा तू ज्या तऱ्हेने उभा होतास ते पाहून माझी जीभ उचलेना. आता मध्ये समुद्र आहे, म्हणून विचारते.

चौथ्या दिवसाच्या जेवणानंतर तांगी मावशी मला तारोच्या शेताकडे घेऊन गेली. म्हणाली, "तुझी आई मेपासून गायली नव्हती." मी म्हटलं, आजारी होती का? ती म्हणाली, "हृदयाचं शेवटच्या आठवड्यातलं. गाणं त्याआधीच सोडलं होतं. नूरोआने तिला सांगितलं की तुझा आवाज गेला."

खरं आहे हे?

खरं असेल, तर मला का नाही लिहिलंस? मागच्या रांगेत पंखा आहे म्हणून लिहिलंस. मी त्याच रांगेत बसून आले, तिथे पंखा नाहीच. तिथे बसतात त्या गात नसलेल्या बायका.

तिचा आवाज गेला नव्हता, नूरोआ. तुझे दोन्ही पेनड्राइव्ह माझ्याकडे आहेत. तू तो बेसुमार वाढवलायस, पण आवाज शाबूत आहे, चीरदेखील पडलेली नाही. जन्मभर जिने गावाला वर उचललं, तिला तू कशावरून सांगितलंस की तुझा आवाज गेला? ती ते खरं मानून गेली. मला हे गिळता येत नाही.

पाएरु

*

आतिऊ, ९ डिसेंबर २०१८

ताई,

खरं आहे.

मेमध्ये पुन्हा मुद्रण केलं तेव्हा मी तिला सारखं थांबवत होतो. "आई, मोठ्याने. आई, अजून वर." ती गात होती आणि मला इयरफोनमधून पुरुष ऐकू येत होते, बायकांचा घोळका ऐकू येत होता, आणि जिथे ती असायची तिथे काहीच नव्हतं. तुझ्या पत्राचा मी उलटाच अर्थ लावला. वाटलं, जे उरलंच नाही ते मी ताणतोय म्हणून ते टोचतंय. घरी येताना मी तिचा हात धरून म्हटलं, "आई, वय झालं आता. आवाज थकलाय तुझा. तांगी मावशीला शिकव." मला वाटलं मी हळुवारपणे सांगितलं. ती थोडं चालली आणि म्हणाली, "हो रे, मलाही वाटतच होतं. पाएरुला मात्र लिहू नकोस, ती उगाच विमानात बसेल." म्हणून नाही लिहिलं.

तुझं पत्र यायच्या आधीचं सांगतो. तू गेलीस त्याच्या पुढच्या शनिवारी मी आईच्या फाइली पुसायला लॅपटॉप उघडला. पुसवेनात. म्हटलं, निदान नवी पेटी नीट चालते का बघू. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, नुसता एक सूर वाजवता येतो, चाचणीसाठी. आधी खालचा लावला, ऐकू आला. मग वर वर नेत गेलो. एका जागी आवाज बंद झाला. पडद्यावर मीटर नाचत होतं, हिरवं, पिवळं, पार तांबडं, आणि स्पीकर गप्प. मी पडद्यावरच्या सगळ्या रेघा तपासल्या. पेटीची तार काढून पुन्हा लावली. आवाजाची खुंटी पूर्ण फिरवली.

कुत्रा उठून बाहेर पळाला. तेवढ्यात अपी चुलीकडून धावत आली, दोन्ही हात कानांवर, तोंड हलतंय. मी म्हटलं, "काय झालं?" तिने येऊन स्पीकरची तारच उपटली. "वेड लागलं का? सगळी आळी ऐकतेय!"

मी म्हटलं, "काय ऐकतेय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. मग मला.

सोमवारी दवाखान्यात गेलो. रारोटोंगाहून कान तपासणारी बाई आली होती. तिने इयरफोन घालून बटण दाबायला दिलं. मी बराच वेळ नुसता बसून होतो, मला वाटलं अजून सुरूच केलं नाही. वरचे सगळे सूर गेलेत. खालचे आहेत. ती म्हणाली, कामावर मोठा आवाज असतो का? इतकी वर्षं जनरेटरशेजारी काढली, ताई. कानांवर लावायचे डबे दिले होते, खुंटीला असायचे. त्यात गरम होतं.

तर आवाज माझ्याच कानांतून गेला होता, आणि मी तिला सांगितलं की तुझा गेला.

यासोबत मेच्या दिवसाच्या मूळ फाइली आहेत, मी हात न लावलेल्या. आईचा माइक वेगळा आहे, त्याच्या फाइलीला तिचंच नाव दिलंय. मी ती लावली तर पडद्यावर तिच्या आवाजाची लाट दिसते, वर जाते, खाली येते, मध्ये श्वास घेते. मी बघत बसतो. तुझ्याकडे लिनक्स नसलं तरी त्या फाइली कशावरही वाजतील. मिसळायचं काम आता तूच कर. आणि ऐकून मला लिही, ती कशी गायली. काही गाळू नकोस.

नूरोआ

*

डॅन्डेनॉन्ग, २० जानेवारी २०१९

माझ्या नूरोआ,

आधी माझं ऐक. जूनमध्ये मंचावर टास्मानियाच्या एका म्हाताऱ्याने उत्तर दिलं होतं, "यंत्र ठीक दिसतंय. मिसळणाऱ्याचे कान तपासून घ्या." मला राग आला. माझ्या भावाला बहिरा म्हणतो! मी त्याला चार शब्द सुनावले आणि तुला लिहिलं, लोक काहीबाही लिहितात. आई तेव्हा जिवंत होती. नोव्हेंबरमध्ये मी तुला जे जे विचारलं, ते मला स्वतःलाही विचारायला हवं होतं.

आता तिचं गाणं. तू गाळू नकोस म्हणालास.

पहिल्यांदा ती गायली तेव्हा सगळ्यांच्या नंतर आत आली, नेहमीसारखी, दार उघडं असलं तरी टकटक करून येणाऱ्या पाहुण्यासारखी. मग वर चढली. ताण नाही, कंप नाही. शेवटचा सूर तिने इतका धरला की कुणीतरी, बहुधा तांगी मावशी, हसू दाबतेय ते ऐकू येतं. तेवढ्यात तुझा आवाज येतो, "आई, मोठ्याने." ती म्हणते, "बरं बाळा." दुसऱ्यांदा गायली, मोठ्याने. तू पुन्हा तेच. पुढच्या वेळी ती माइकच्या इतकी जवळ आली की तिचा श्वास लागतो कानाला. "अजून वर, आई. पोचत नाही." "बरं." शेवटी तर ती ओरडतेय रे. ओरडतानाही सुरात आहे.

मग डुकरं गुरगुरतात, तू त्यांना हाकलायला बाहेर जातोस. दार आपटतं. माइक चालूच राहिलाय. आई आणि तांगी मावशी हळू आवाजात बोलतात. ते तुला ऐकू गेलेलं नसणार. हे लिहावं की नाही, यावर मी दोन रविवार प्रार्थना केली. तू काही गाळू नकोस म्हणालास, म्हणून लिहिते.

मावशी म्हणते, "एवढं ओरडायला लावतोय, याला झालंय काय?"

आई म्हणते, "त्याला ऐकू येत नाही गं."

"यंत्राला?"

"नूरोआला. मी मागून हाक मारते तर वळत नाही. चहाचं भांडं शिट्टी मारून थकतं आणि हा शेजारी बसलेला असतो. पुरुषांचं ऐकू येतं त्याला. आपलं येत नाही."

"मग सांग की त्याला!"

आई मग म्हणते, "काय सांगू? ते यंत्र हातात आल्यापासून किती वर्षांनी हसतोय तो. ऐकू येत नाही म्हटलं तर उद्या बंद करून ठेवेल. मीच गप्प बसते. म्हातारीचा आवाज गेला म्हटलं की कुणी जास्त विचारत नाही."

"आणि तुझं गाणं?"

"खूप गायले गं."

मग दार वाजतं आणि तू आत येतोस. म्हणतोस, "चला, आणखी एकदा." आई म्हणते, "नको बाळा. आता निघत नाही आवाज."

एवढंच आहे. तांगी मावशीला मी फोन केला होता. म्हणाली, "तुझ्या आईने शपथ घातली होती. ती गेल्यावर मला राग आवरला नाही, म्हणून तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगितलं असतं तर शपथ मोडली असती." रडत होती.

ती आवाज गेला असं मानून गेली नाही, नूरोआ. एवढं तरी धर.

पाएरु

*

आतिऊ, १७ फेब्रुवारी २०१९

ताई,

पत्र पोचलं. अपीने वाचलं, मग मी वाचलं, मग ती पोरांना घेऊन तिच्या आईकडे गेली, मला एकटं राहू दिलं.

तू म्हणतेस, एवढं तरी धर. धरायला जातो, तर हाताला दुसरंच लागतं. ती मानून गेली असती, तर चूक माझ्या एकट्याची होती आणि मी ती उचलली असती. पण तिने जाणून गाणं सोडलं, माझं हसू टिकावं म्हणून, आणि मी सगळा हिवाळा तिच्यासमोर बसून पोरांची उकुलेले मिसळत हसत होतो.

रविवारी चर्चमध्ये गेलो. ईमेने सुरू झाली. पुरुषांचे हुंकार पायांतून वर येतात, तेवढे पुरतात मला. बायकांच्या रांगेत तांगी मावशीने तोंड उघडलं, मान मागे टाकली, पांढरी टोपी हलली. मला वाटतं, पेरेपेरे चांगलं धरलं असावं. माझ्या शेजारचे म्हातारे पापा रोरी डोळे पुसत होते.

लॅपटॉप बंद केलेला नाही. बंद केला तर तिने गाणं फुकट सोडलं असं होईल. आता मी खालचे आवाज बसवतो, वरचे अपी बसवते, आणि आमचं रोज भांडण होतं. आईची ईमेने तू मिसळलीस की मला पाठव. मी ती माणसांना ऐकवीन आणि त्यांच्या तोंडांकडे बघेन.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. शेवटच्या महिन्यांत आई बोलायची तेव्हा अगदी जवळ यायची. मी कामावरून आलो की दोन्ही हातांत माझं तोंड धरायची, स्वतःकडे वळवायची आणि मग सावकाश विचारायची, जेवलास का, दमलास का. अपी चिडवायची, "एवढा घोडा झालाय, अजून आईचं बाळ." मीही लाजायचो. मला वाटायचं, म्हातारपणी माणसं अशीच मायाळू होतात.

ती माझ्या डोळ्यांसमोर ओठ आणत होती, ताई. मला वाचता यावं म्हणून.

नूरोआ